तळघरातला डोनल

आमच्या ब्राउनश्वाइगच्या बिल्डिंगमधला डोनल वॉशिंग मशीनशी सूर जुळवून फिडल वाजवतो. थट्टा नाही. तळघरात सगळ्यांची मशिनं ओळीने लावलेली आहेत, तिथे हा साठी ओलांडलेला आयरिश माणूस स्टूल टाकून बसतो. घरात वाजवलं की शेजारी रुहेत्साइटची, म्हणजे शांततेच्या वेळांची, आठवण करून देतात. म्हणून तळघर. मी पहिल्यांदा कपडे घेऊन उतरलो तेव्हा ओळख ना पाळख, म्हणाला, "जोरात फिरव. तुझं मशीन सुरात आहे. माझ्या थोरल्या भावापेक्षा बरं."

चुकून व्हायोलिन म्हटलं की चिडायचा. "व्हायोलिन टाय लावून वाजवतात. हे फिडल."

सगळं घरच वाजवणाऱ्यांचं. आजोबा बॅगपाइप, बाप बासरी, आई कॉन्सर्टिना. कॉन्सर्टिना म्हणजे आपल्या पेटीची हातात मावणारी बहीण. "आमच्या घरात बोलायला कोणी शिकवलंच नाही," तो सांगायचा. "आई जेवायला हाक मारायची नाही, एक धून वाजवायची. रागावली की दुसरी. बाप गेला तेव्हा कोणी रडलं नाही, सगळे वाजवत बसलो." मग स्वतःच स्वतःला जर्मनमध्ये दुजोरा द्यायचा, "गेनाऊ." अगदी बरोबर.

जर्मन बायकोमागे तो इथे आला. ती पुढे त्याला सोडून बर्लिनला गेली, हा राहिला. का, तर म्हणे, "तळघर चांगलं आहे."

माझ्या बायकोने, मुग्धाने, त्याला एकदा साबुदाण्याची खिचडी दिली. पहिल्या घासाला त्याने विचारलं, "ही कोणाकडून आली?"

"सासूबाईंकडून."

"आणि त्यांच्याकडे?"

घराणं काढल्याशिवाय घास उतरेना.

सर्वांत जास्त बोलायचा तो धाकट्या बहिणीबद्दल, आणि वाईटच. नोरा गावीच राहिलेली. लहानपणापासून दोघं फिडलवर जोडीने वाजवायची, हा वरच्या सुरांत, ती खालच्या. "नोरा वाजवते की कोंबड्यांमागे धावते, कळत नाही. मध्येच अडखळते," म्हणायचा. तरी दर उन्हाळ्यात तिच्याबरोबर वाजवायला जायचा आणि कुरकुरत परत यायचा.

नोव्हेंबरात नोरा झोपेतच गेली. अंत्यविधीहून तो परतला आणि तळघर गप्प झालं. जिन्यात भेटला तेव्हा मी म्हटलं, "फार वाईट झालं."

"जा," तो म्हणाला. जर्मनमधलं 'हो'. मला ते मराठीतच ऐकू आलं, आणि मी गेलो.

जानेवारीत एका शनिवारी दुपारी खालून आवाज आला. वाजवणं कसलं, चाचपडणं. दोन सूर पुढे, एक मागे, मग शांतता. मुग्धा म्हणाली, "अरे, काकांचा हात गेला की काय? बघून ये बरं."

मी उतरलो. सगळी मशिनं बंद होती. डोनल ओव्हरकोट घालून बसला होता. हात ठीक होता.

"हे तुझं वाजवणं नाही," मी म्हटलं.

"नाही. नोराचं आहे."

मी जवळ गेलो.

"जन्मभर तिच्या वरून वाजवत गेलो. खाली ती काय करते ते कधी नीट ऐकलंच नाही. माझा भाग पुतण्यांनाही येतो. तिचा कोणालाच येत नाही." त्याने फिडलचा गज उचलला, पुन्हा मांडीवर ठेवला. "फार अवघड आहे रे. इथे, या जागेवर, मी घाई करायचो. म्हणून ती माझ्यासाठी थांबायची. मला वाटायचं, चुकते."

मी तिथे पडलेली कोणाची तरी रिकामी कपड्यांची बास्केट उलटी करून तिच्यावर बसलो. त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. त्या जागेपाशी आला आणि थांबला, जरा जास्तच वेळ.