चार इंची भोकासाठी अर्ज

टप्.

दुपारच्या शांततेत, हॉलच्या बरोबर मधोमध ठेवलेल्या परातीत, वर वाळत घातलेल्या दुपट्याचा एक थेंब पडला. पाळण्यातल्या पाच महिन्यांच्या बाळाची भुवई हलली. बाळाची आई हातातली इस्त्री तशीच अधांतरी धरून उभी राहिली. भुवई जागेवर गेली. आईने श्वास सोडला. (बाळ झोपलेलं असताना घरातली मोठी माणसं श्वाससुद्धा चोरूनच घेतात.)

माणूस कपडे घालतो म्हणून तो सभ्य. ते धुतो म्हणून सुसंस्कृत. धुतलेला कपडा मात्र कुठेतरी वाळावा लागतो, ही गोष्ट सभ्यतेने आजवर शक्य तितकी लपवून ठेवली आहे; आणि ती लपवण्यात या चार मजली, सोळा बिऱ्हाडांच्या इमारतीचा हात कुणी धरला नसता. नियमावलीतला सतरावा नियम असा होता: "रस्त्यावरून बघणाऱ्या माणसास बाल्कनीत, खिडकीत अथवा गच्चीत ओला कपडा दिसता कामा नये. कोरडा दिसल्यास तो पूर्वी ओला होता असे गृहीत धरण्यात येईल."

नियम अत्यंत विचारपूर्वक केलेला होता. वाळत घातलेला कपडा दिसला की बघणाऱ्याला कळतं, इथे माणसं राहतात. एकदा ते कळलं की इमारतीची शान गेली. म्हणून रस्त्याकडच्या बाल्कन्यांत रोज सकाळपासून दुपारपर्यंत खणखणीत ऊन यायचं, कुणालाही उपयोगी न पडता नुसतं बसायचं आणि निघून जायचं. ऊन बाहेर, कपडे आत. इतकी शिस्तीची वाटणी भावाभावांतही होत नाही.

आता या घराची आकडेवारी. रोजचे लंगोट चौदा, दुपटी सहा, झबली पाच, चार वर्षांच्या थोरलीचे फ्रॉक दोन (काही सांडल्यास तीन, सांडतंच), नवऱ्याचा शर्ट एक, सासूबाईंचा स्वेटर आठवड्यातून एकदा, आणि आईचे स्वतःचे कपडे, जे मोजायला तिला अजून सवड झालेली नव्हती. हे सगळं हॉलमधल्या दोऱ्यांवर लोंबायचं आणि वाळल्यासारखं करायचं. शेवटी एकेक लंगोट इस्त्रीखाली घालून कोरडा करावा लागे. त्याला बरोबर एक तास लागायचा, आणि बाळ झोपायचंही तेवढाच तास.

खरं तर हा तास थोरलीचा होता. बाळ घरी आलं त्या दिवशी आईने तिला शब्द दिला होता: बाळ झोपलं की तो तास फक्त तुझा आणि माझा. म्हणजे तास थोरलीच्या नावावर होता, पण ताबा इस्त्रीकडे.

"आई, माझा तास झाला का सुरू?"

"एवढे चार लंगोट राहिलेत गं, सोने."

"कालपण चारच राहिले होते."

(हे खरं होतं. शेवटचे चार लंगोट कधीच संपत नाहीत.)

थोरली तिथेच फरशीवर बसायची, बाहुलीला मांडीवर घेऊन, थेंब मोजत. तिला वीसपर्यंत येत होतं. तिथून पुढे ती पुन्हा एकपासून सुरू करायची. ते ऐकत आई पुढचा लंगोट इस्त्रीखाली घ्यायची.

अशा वेळी घरात कपडे वाळवायचं यंत्र आलं.

यंत्र देखणं होतं. समोर गोल काच, आत चकचकीत पिंप. नवऱ्याने माहितीपुस्तिका हातात घेतली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. (तो आजही चौथ्या पानावर आहे.) कारागिराने यंत्र स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसवलं, लेव्हल लावून यंत्राचे पाय खालीवर केले, मागे चार इंच रुंदीचा चंदेरी पाईप जोडला आणि पाईपाचं तोंड हातात धरून चारी भिंतींकडे पाहिलं.

"भोक कुठंय?"

"कसलं भोक?" नवऱ्याने विचारलं.

"अहो साहेब, कपड्यातलं पाणी वाफ होऊन यातनं निघणार. ते जाणार कुठं?"

"म्हणजे... जातंच की ते."

"जातं हो. पण कुठंतरी जातं ना."

पदार्थविज्ञानाचा हा सगळा विषय दोन वाक्यांत उरकून कारागिराने पाईप फरशीवर ठेवला. "मग तुम्हीच पाडा ना भोक," आई म्हणाली. त्यावर तो दुखावल्यासारखा झाला. "ताई, मी मशीनवाला. भोकवाले वेगळे." जाताना त्याने खोक्यातली पुठ्ठ्याची गोल चकती काढून दिली: भिंतीवर ठेवून आखायला, व्यास चार इंच.

ते खोकं थोरलीने ताब्यात घेतलं. त्यात ती, बाहुली आणि एक उशी असं तीन जणांचं बिऱ्हाड आरामात मावत होतं. तिने चकती खोक्याच्या एका बाजूला लावली, पेन्सिलीने गोल काढला आणि म्हणाली, "आई, माझ्या घरालापण भोक." आईने भाजीच्या सुरीने दोन मिनिटांत पाडून दिलं. (या संपूर्ण प्रकरणात अर्जाशिवाय पडलेलं हे एकमेव भोक.)

भिंतीचं प्रकरण इतकं सोपं नव्हतं, आणि नसावंच. सेक्रेटरीकाकांनी ते नीट समजावून सांगितलं. ते वयस्क, सज्जन आणि हातात कायम टेप असलेले गृहस्थ होते. "हे बघा सूनबाई, भोक म्हणजे काय? भिंतीचा अभाव. भिंत सर्वांची आहे. तेव्हा तिचा अभावसुद्धा सर्वांचा." म्हणजे भोक पडल्यास त्यावर सोळाही बिऱ्हाडांचा समान हक्क राहणार होता. (कुणी तो बजावायला आलं तर चहा करावा लागेल का, हे आईने विचारलं नाही.) भोकासाठी छापील अर्ज नसल्यामुळे कुत्रा पाळण्याच्या अर्जात योग्य ते फेरफार करण्यात आले. त्यामुळे "रंग", "वय" आणि "रात्री आवाज करते काय" हे रकाने तसेच राहिले. आईने लिहिलं: रंग नाही. वय शून्य. आवाज बाळाचाच.

अर्जावर विचार व्हायला सात आठवडे लागले. भोकाचा विचार घाईने करता येत नाही. ते एकदा पडलं की परत घेता येत नाही. तोवर पाईपाचं तोंड हॉलमध्ये होतं.

या सात आठवड्यांत घराने केलेली प्रगती थक्क करणारी होती. कपडे यंत्रात वाळायचे, त्यांचं पाणी हॉलमध्ये यायचं, हॉलमधून ते पडद्यांत शिरायचं, आणि मग पडदे यंत्रात टाकावे लागायचे. बरणीतलं मीठ पातळ झालं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेची पानं आपोआप उलटायला लागली. घरात दोनदा महिना लवकर संपला. संध्याकाळी दार उघडून आत येणारा नवरा खोकल्यावरून ओळखावा लागायचा. सासूबाई तेवढ्या खूश होत्या. पाईपासमोर खुर्ची टाकून, डोक्यावर टॉवेल घेऊन त्या तासन्‌तास बसायच्या. "कपड्यांचं काही का होईना, माझं सायनस मोकळं झालं बघ," असं त्या धुक्यातून सांगायच्या, आणि आवाज कुठून आला ते थोरली पळत जाऊन शोधायची. त्या दिवसांत थोरली खदखदून हसायची. आईलाही हसू यायचं. वाळलेले लंगोट त्या हवेत पुन्हा दमट व्हायचे, त्यामुळे हातात इस्त्री असायचीच.

अखेर मंजुरी आली. भोक रस्त्याच्या बाजूला पडणार नाही (बघणारा माणूस!), तर मागच्या डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या पोटात सोळाही स्वयंपाकघरांच्या खिडक्या जिथे उघडतात त्या उभ्या पोकळीत, पडेल. भोकवाला आला. त्याने सात मिनिटांत भोक पाडलं, पाईप बाहेर काढला, तोंडाला झडप बसवली आणि सांगितलं, "झालं." समितीच्या पाच सदस्यांनी आळीपाळीने डोळा लावून पलीकडे पाहिलं. पलीकडे डक्टची भिंत होती. सर्वांनी समाधान व्यक्त केलं.

त्या दुपारी यंत्रातून लंगोट बाहेर आले ते ताज्या पोळीसारखे गरम आणि मऊ. आईने सगळे एकदम छातीशी धरले, गाल टेकवला, आणि लक्षात आलं की बाळ झोपलंय, हातात इस्त्री नाही आणि घड्याळात अख्खा तास आहे. ती खोक्यात शिरली. गुडघे हनुवटीला लागले. दोघींनी मिळून बाहुलीला तीनदा आजारी पाडलं, दोनदा बरं केलं आणि एकदा तिचं लग्न ठरता ठरता मोडलं. थोरलीने आईच्या कानात सांगितलं, "हा खराखुरा तास आहे." असा तास त्यांना मिळाला. एकूण एक.

दुसऱ्या दिवशी वरच्या काकू आल्या. भांडायला नव्हे, त्या समंजस होत्या. "अगं, तुझ्या लंगोटांचं पाणी माझ्या टॉवेलांत येतंय," एवढंच म्हणाल्या, आणि त्यांनीही यंत्र घेतलं. त्यांची वाफ शेजारच्यांच्या चादरीत गेली; शेजाऱ्यांनी घेतलं. भोकाचा विचार एकदा झालेलाच असल्याने एकोणीस दिवसांत सोळा बिऱ्हाडांत चौदा यंत्रं आणि डक्टमध्ये चौदा पाईप झाले. (उरलेल्या दोन बिऱ्हाडांनी कपडे धुणंच स्थगित ठेवलं.) कुत्र्यांचे अर्ज संपल्याने शेवटची चार भोकं मांजरांच्या अर्जावर मंजूर करावी लागली. डक्टमध्ये शेवाळ आलं, शेवाळावर नेचे आले, आणि एक बेडूक सभासदत्वाचे नियम न वाचताच राहायला आला. ही सगळी वाफ खिडक्यांतून पुन्हा सोळाही घरांत शिरून कपाटातल्या घड्यांत बसायची. समितीच्या पाहणीनुसार एक शर्ट अंगावर चढेपर्यंत सरासरी पावणेतीन वेळा वाळवला जाऊ लागला. पाणी बिचारं कुठेच जात नव्हतं, फक्त बिऱ्हाड बदलत होतं. यंत्रांचा खप मात्र वाढत होता, त्यावरून यंत्रं उपयुक्त असल्याचं सिद्ध झालं.

आईने इस्त्री पुन्हा बाहेर काढली.

मग परिपत्रक निघालं: वाफ बाहेर जावी म्हणून सर्वांनी सकाळी बाल्कनीची दारं उघडी ठेवावीत; ऊन आत आल्यास हरकत नाही, मात्र ते कोणत्याही कपड्यावर पडणार नाही याची रहिवाशाने दक्षता घ्यावी.

दार उघडं मिळाल्याबरोबर थोरलीने आपलं खोकं बाल्कनीत ढकललं. आई चौदापैकी दहाव्या लंगोटावर होती तेव्हा बेल वाजली. पाळण्यातली भुवई हलली. दारात सेक्रेटरीकाका, हातात कागद.

"सूनबाई, नियम सतरा. तुमच्या बाल्कनीत कपडा दिसलाय."

आईने वळून पाहिलं. खोक्याच्या गोल भोकातून, चिमट्याला टांगलेला, बाहुलीचा फ्रॉक बाहेर लोंबत होता. चार बोटांचा. पिवळा.

"काका, बाहुलीचा आहे हो."

"कपडा तो कपडा."

"पण पाहिला कुणी?"

"रस्त्यावरून बघणाऱ्या माणसाने."

"म्हणजे कोणी?"

"ते मी कसं सांगणार? मी इथे राहतो." काका खोक्याजवळ गेले, वाकले आणि पुराव्यादाखल फ्रॉकला बोट लावलं. बोट तिथेच राहिलं. "अरेच्चा," ते हळूच म्हणाले, "खडखडीत वाळलाय की!" त्यांच्या स्वतःच्या शर्टाची कॉलर ओली होती. क्षणभर ते उन्हात तसेच उभे राहिले, डोळे मिटून. मग पदाची आठवण झाली. नोटिशीवर आईची सही घेतली आणि चपला सरकवत गेले.

आईने फ्रॉक काढून घेतला. तो तिच्या तळहातावर पूर्ण मावला, आणि गरम होता. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. चार लंगोट राहिले होते, राहू दिले. खोक्यात शिरून ती थोरलीजवळ बसली. थोरलीने भोकाला डोळा लावला होता आणि ती रस्त्याकडे, म्हणजे साधारण आपण हे वाचत बसला आहात त्या दिशेला, खूप वेळ बघत होती.

"आई, तो बघणारा माणूस दिवसभर आपल्याकडेच बघतो ना?"

"हो गं."

"मग त्याचे कपडे कोण वाळवतं?"