चुकीची घोषणा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बापूंना इंटरनेटवरच्या फोरमवर सगळ्यांदेखत तोंडघशी पाडणारा तो दुबईकर म्हणजे मीच. दुबई मी अजून पाहिलेली नाही.

बापू आमचे कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले शेजारी. एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून माइकवरून गाड्या पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले, पण पुकारणं सुटलं नाही. घरात चहाला उकळी आली की खुर्चीतूनच म्हणायचे, "कृपया लक्ष द्या. चहा गॅसवरून सुटण्याच्या तयारीत आहे." वहिनी आतून म्हणायच्या, "मग उतरवा की." दारात कुणी पत्ता विचारायला थांबलं, तर दोन वाक्यं ऐकून त्याचं गाव सांगायचे. "पावणं कुरुंदवाडचं न्हवं?" बहुतेक वेळा पावणं कुरुंदवाडचंच निघायचं. खिडकीच्या गर्दीत माणसाचं तोंड दिसायच्या आधी आवाज येतो, त्यामुळं कान तयार झाला, असं त्यांचं म्हणणं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. पेठेत नवा सायबर कॅफे निघाला होता आणि माझ्या संध्याकाळी तिथल्या प्लायवूडच्या खोक्यात जायच्या. मराठी माणसांचा एक फोरम होता. जगभरातली माणसं तिथं टोपणनावानं जमायची आणि मोदकापासून मुक्तछंदापर्यंत कशावरही भांडायची. मी कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला, म्हणून माझं टोपणनाव 'व्यासंगी'. लांबलचक लेख लिहायचो, खाली संदर्भ द्यायचो. प्रतिसाद यायचे दोन. त्यातला एक माझाच, 'धन्यवाद' म्हणणारा.

त्या फोरमवर एक मान होता. सभासदांनी मतं देऊन ज्याला 'जाणकार' ठरवलं, त्याच्या नावापुढं फेट्याचं छोटं चित्र लागायचं. नखाएवढं चित्र, पण मला ते फार हवं होतं.

एक दिवस बापूंनी विचारलं, मास्तर, रोज कुठं जाता? मी त्यांना घेऊन गेलो. त्यांनी नाव घेतलं 'चौकशी खिडकी'. फोरमवरच्या प्रत्येक विषयाला ते फलाट म्हणायचे. मराठी टाइप कसं करायचं, असं कुण्या नवख्यानं विचारलं की लिहायचे, "टायपिंगची गाडी फलाट तीनवर उभी हाय. सामान सांभाळा. जेवला का?" हे 'जेवला का' प्रत्येकाला. फोरमच्या व्यवस्थापकानं त्यांना समज दिली, की विषय सोडून खाजगी प्रश्न विचारू नयेत. बापूंचं उत्तर: "नियम मान्य. पण सायेब, तुम्ही जेवला का?" व्यवस्थापक अमेरिकेत होता. त्यानं कबूल केलं, की नाही, सकाळपासून नुसती कॉफी झाली आहे.

जे ठाऊक नसेल ते त्यांनी कधी ठोकून दिलं नाही. "ही गाडी माझ्या डेपोची न्हाय," असं लिहून जाणत्या सभासदाकडं बोट दाखवायचे. वर्षभरात अशी वेळ आली, की वाद पेटला की कुणीतरी म्हणायचं, थांबा, खिडकी काय म्हणते बघू. माझे संदर्भ कुणी बघत नव्हतं.

फेट्यासाठी त्यांचं नाव पुढं आलं तेव्हा मी दुबईकर झालो. दुसरं टोपणनाव घेतलं आणि लिहिलं, की मी मूळचा नागपूरचा, सध्या दुबईत. आई वारली. तिचा जन्म कोल्हापूरकडच्या मुडसावळी गावचा, ते एकदा पाहायचं आहे, गाडी कुठून मिळेल? मुडसावळी नावाचं गाव नव्हतं. गडमुडशिंगीच्या गाडीची पाटी बघून मला ते सुचलं होतं.

बापू 'माझ्या डेपोची न्हाय' म्हणतील अशी धास्ती होती. त्यांनी लिहिलं, "गाव हाय. गगनबावड्याच्या अंगाला असणार. या, मी स्वतः घेऊन जातो." दुसऱ्या दिवशी मी व्यासंगी म्हणून सगळी सरकारी पुस्तकं चाळल्याचं सांगितलं आणि असं गावच नसल्याचं जाहीर केलं. लोक हसले. खिडकी आजवर असंच काहीबाही सांगत होती काय, असंही एकानं विचारलं.

बापू माझ्या शेजारच्या खोक्यात होते. एका बोटानं बराच वेळ टाइप करत राहिले. मग माझ्या पडद्यावर उमटलं: "कृपया लक्ष द्या. माझ्याकडून चुकीची घोषणा झाली. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे."

घरी येताना मी विचारलं, ठाऊक नव्हतं तर बोललात कशाला?

"आईचं गाव म्हणालं की पावणं," बापू म्हणाले. "तिकडं गाडी न्हाय, असं कसं सांगायचं, मास्तर?"

फेटा त्यांनाच मिळाला. व्यवस्थापकानं लिहिलं, की या फोरमवर 'पण' न जोडता मागितलेली माफी आपण पहिल्यांदाच वाचतो आहोत. मी त्यांना मत दिलं. दुबईकरानंही दिलं.

प्रकरण तिथं संपायला हवं होतं. पण बापू रविवारी त्या अंगाच्या गाड्यांतून फिरून मुडसावळीची चौकशी करू लागले आणि दुबईकराला खाजगी निरोप धाडू लागले: गाव घावलं न्हाय, शोधतो, जेवला का? मला राहवेना. आईची आठवण कच्ची होती, शोध थांबवा, असं दुबईकराकडून कळवलं. शोध थांबला, 'जेवला का' थांबलं नाही. माझी बायको तोवर माहेरी गेली होती आणि तिकडंच राहिली होती. पेठेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून मला कुणी काही विचारत नसे. दुबईकराला मात्र रोज विचारणा व्हायची आणि मी त्या प्रश्नाची वाट बघायचो.

पुढं घरोघरी कॉम्प्युटर आले. एका संध्याकाळी मी घरून उत्तर दिलं, "नाही जेवलो. बाजारात गेलतो, आता कंटाळा आला." थोड्या वेळात बेल वाजली. दारात बापू, हातात डबा. वहिनींनी भाकरी जास्त केल्या म्हणाले. मी डबा घेतला. जिना उतरता उतरता ते थांबले.

"डबा सावकाश द्या," म्हणाले. "दुबईस्नं यायला वेळ लागतोच की."

मी आत येऊन माझं वाक्य पुन्हा वाचलं. नागपूरचा माणूस 'गेलतो' म्हणत नाही.

त्यानंतर दुबईकर जेवला नाही म्हणाला, की डबा यायचा. त्यावर बापू कधी बोलले नाहीत, मीही नाही. मला त्या दिवसांत बरं वाटायचं, हेही सांगून टाकतो.

आता फोरमवर कुणी फिरकत नाही, पण पान उघडतं. बापूंची माफी तिथं आहे. तिच्याखाली माझी नाही. बापू अजून पलीकडच्या घरात चहा पुकारतात. डबे मी सगळे परत केले. माझ्या खऱ्या नावानं, त्यांच्यासमोर, एक घोषणा मात्र अजून देणं आहे.