अप्पांची पक्कड

धारूरला आमच्या गल्लीत सायकल कधी चोरीला गेली नाही. चेन मात्र जायची. तुम्ही विरभद्रअप्पांच्या ओट्याला सायकल टेकवून आत पाणी प्यायला गेलात, की बाहेर येईपर्यंत चेन उतरलेली असायची. अप्पा ती पेपरावर पसरून, डॉक्टरासारखा गंभीर चेहरा करून बसलेले असायचे.

"लई ढिल्ली झाल्ती बे," ते म्हणायचे. "घाटात तुटली असती म्हंजे?"

अप्पा काही सायकलवाले नव्हते. दोरखंड, खिळे, नांगराचे फाळ असलं त्यांचं दुकान होतं. ते मुलानं लातूरला हलवलं आणि अप्पांच्या वाट्याला घर, ओटा आणि एक पक्कड उरली. सायकलच्या चेनीत एक कडी अशी असते, की तिच्यावरची बारीक क्लिप सरकवली की अख्खी चेन उघडते. आमच्याकडं तिला लॉक म्हणतात. अप्पांची सगळी विद्या त्या लॉकपाशी सुरू होऊन तिथंच संपायची. काढायला त्यांना एक झटका पुरे. बसवायला मात्र संध्याकाळ व्हायची.

कारण क्लिप हरवायची. दर वेळी हरवायची. मग अप्पा ओट्याखाली, नालीत, पायपुसण्याखाली शोधत फिरायचे आणि शोधता शोधता अंबाजोगाईच्या कुठल्याशा व्यापाऱ्यानं त्यांना सडकी सुतळी कशी गळ्यात मारली, ही कथा पहिल्यापासून सांगायचे. कथेत काही दम नव्हता. शेवटी व्यापारी सुटायचा, ऐकणारा सुटायचा नाही. क्लिप अप्पांच्या टोपीच्या घडीत असते हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण वडीलधाऱ्या माणसाच्या टोपीत हात घालणार कोण?

एकदा जनावरांचे डॉक्टर एका अडलेल्या म्हशीकडं निघाले होते. रस्ता विचारायला ते अप्पांकडं थांबले, हेच चुकलं.

"असली चेन घेऊन म्हशीकडं जायलात व्हय, डॉक्टर?" असं म्हणून अप्पांनी पक्कड चालवलीसुद्धा. डॉक्टर ओरडले, चिडले, शेवटी हतबल होऊन टेकले. म्हशीनं वाट पाहिली, कंटाळली आणि आपली आपण व्याली. तोवर डॉक्टरांनी अप्पांच्या हातचं पिठलं आणि दोन भाकरी खाल्ल्या होत्या. पिठलं खारट होतं, हे ते पुढं भेटेल त्याला सांगत होते.

कुणी फारच घाई केली, तर अप्पा "कावून एवढी घाई?" म्हणत चेन जोडून द्यायचे, पण क्लिप उलटी घालून. क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला लागतं. उलटी बसली, की मारुतीच्या देवळापर्यंत कशीबशी टिकते आणि गळून पडते. मग माणूस शिव्या देत, सायकल ढकलत परत. इकडं अप्पांनी चहाचं आधण ठेवलेलं असायचं. ते हे मुद्दाम करतात की त्यांना खरंच कळत नाही, यावर आमच्या गल्लीत दोन तट होते.

माझी आई म्हणायची, अप्पांची बायको, म्हणजे आमच्या काकू, गेल्यापासून हे खूळ वाढलं. त्यात तथ्य होतं. काकू होत्या तेव्हा त्या ओट्यावर माणसं आपणहून बसायची, कारण काकू गोड बोलायच्या आणि मुख्य म्हणजे अप्पांना गप्प करायच्या.

मग देशाची अर्थव्यवस्था खुली झाली. पेपरात रोज तेच. अप्पांनी चेनीखालचा पेपर ओढून काढला, वंगणाचे डाग चुकवत वाचला आणि निकाल दिला, "आधीच समदं ढिल्लं हाय. त्यात आनिक ढिल्लं करायलेत." पण त्या ढिलाईतून गावात मोटारसायकली आल्या, आणि मोटारसायकलची चेन असते पत्र्याच्या डब्यात बंद. शिवाय माणसं खालीच उतरेनात. इंजिन चालू ठेवून, एक पाय टेकवून "अप्पा, बरं हाय का?" विचारायची आणि अप्पांनी तोंड उघडायच्या आत पुढं निघायची. लोक सुटले एकदाचे, असं आम्ही म्हणायचो आणि हसायचो. अप्पांची पक्कड खुंटीला लागली, यावर तर कचेरीत आम्ही कारकून मंडळींनी बरेच विनोद केले.

त्याच सुमारास मी स्कूटर घेतली. समोरच्याच घरात वाढलेला मी. पेढे द्यायला जाणं भाग होतं. स्कूटर ओट्यापाशी लावली, आत जाऊन देवापुढं पेढा ठेवला, पाणी प्यालो. बाहेर येतो तर अप्पा स्कूटरशेजारी उकिडवे. हातात पक्कड. डावीकडून वाकून बघितलं, उजवीकडून बघितलं, मग जवळजवळ आडवे होऊन खालून बघितलं.

"दिगंबर, हिची चेन कुठं हाय बे?"

"हिला चेन नसते अप्पा. आत गिअर असतात."

"न्हाईच?"

"नाहीच."

अप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले. पक्कड धोतराला पुसली. हसू दाबत मी स्कूटर स्टँडवरून काढली आणि किकवर पाय ठेवला.

"म्हंजे तुला कवाबी जाता येतं," ते म्हणाले.

"येतं की."

अप्पांनी मान हलवली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "मंग बस की जरा. काम न्हाई काई. उगंच बस."

इतक्या वर्षांत या माणसानं कुणाला 'बस' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मी स्कूटर परत स्टँडवर लावली आणि चपला काढायला खाली वाकलो.