वीरधवलवर एक निःपक्षपाती लेख

आटपाडीच्या साप्ताहिकाचे संपादक आकारामकाका यांनी वीरधवलवर लेख लिहायला सांगितलं, तेव्हा तिथला बातमीदार असलेल्या दादासोला आतून उकळ्या फुटल्या. पण लगेच काकांनी अट घातली, लेख निःपक्षपाती पाहिजे.

बंद पडलेल्या सूतगिरणीचे शेअर त्या भागात घरोघरी ट्रंकेच्या तळाशी पडून होते. वीरधवल गाडी घेऊन गावोगाव फिरे आणि ते विकत घेई. काही लोक म्हणत, रद्दीचं त्यानं सोनं केलं. काही म्हणत, गिरणीच्या जागेवर डोळा आहे, म्हाताऱ्यांना गंडवतोय. दादासोचं दुखणं निराळंच होतं. दहावीपर्यंत आपल्या पेपरात बघून पास झालेला गडी आला की आता लोक कट्ट्यावरून उठून उभे राहतात, हे त्याला सोसत नव्हतं. त्यात परवा त्याची बायको रेश्मा भाकरी वाढता वाढता म्हणाली होती, वीरधवलभावजींच्या अंगावर शर्ट कसा बसतो नाही!

दादासोनं रक्त आटवून लेख लिहिला. काकांनी लाल पेन घेतलं. ‘म्हाताऱ्यांना गाठतो’ याचं ‘ज्येष्ठांना घरी जाऊन भेटतात’ झालं. ‘गोडबोल्या’चं ‘मृदुभाषी’ झालं.

“आवं काका, ही तर आरती झाली.”

“आरती न्हाई. तुझं जळणं तेवढं काढलं. मागं उरलं ते हे.”

लेख छापून आला आणि वीरधवलनं त्याच्या प्रती काढून गावोगाव वाटल्या. लोक ट्रंका उघडू लागले. विरोधातल्या मंडळींनी दादासोला चहाच्या गाड्यावर गाठून पाकीट किती जाड होतं ते विचारलं. जतहून सासऱ्यांचा फोन आला. जावयानंच लिहिलंय म्हटल्यावर त्यांनी आपले शेअर डोळे झाकून वीरधवलला देऊन टाकले होते.

दादासो तणतणत कचेरीत गेला. काकांच्या खुर्चीत वीरधवल बसला होता. काका बाकावर. ते खाली बघत म्हणाले की साप्ताहिकही गावातल्या दुकानदारांनी थोडे थोडे शेअर घेऊन काढलेलं, आणि आता बहुतेकांनी ते यांनाच विकले.

आपली नोकरी गेली, असं दादासोनं धरलं. पण वीरधवलनं त्याला शेजारी बसवून घेतलं.

“मालकाच्याच पेपरात मालकाचं बरं छापलं तर कोण खरं मानंल? या आठवड्याला माझ्यावर कडक लिव. तुझ्याइतकं मनापास्नं दुसरं कोण लिवणार?”

वर्षानुवर्षं साठवलेलं सगळं दादासोकडं तयार होतं. तो मांडी ठोकून बसला. पण प्रत्येक शिवी आता ऑफिसचं काम वाटू लागली. संध्याकाळी त्यानं कसाबसा लेख पुढं केला. वीरधवलनं तो दोनदा वाचला आणि उदास होऊन परत दिला.

“ह्यात जीवच न्हाई गड्या. लय निःपक्षपाती झालायस तू.”