शीर नाही, पुन्हा काढणे

खिल्लारेमामा फोटो काढायच्या आधी माणसाच्या मानेवर दोन थापा मारतात आणि म्हणतात, "हलू नको, तकलीफ होत न्हाई."

माझ्या मानेवर पहिल्यांदा त्या थापा पडल्या तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस मला सुई टोचणार. माझा अंदाज फार चुकला नव्हता. मामांची सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक म्हणून गेली. डॉक्टर येईपर्यंत जनावर धरायचं, डॉक्टर टोचेपर्यंत त्याला गप्प ठेवायचं आणि डॉक्टर निघून गेल्यावर त्याची लाथ खायची, असं ते काम. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण हाताला अजून म्हैस आणि माणूस यांतला फरक कळत नाही. फोटो काढून झाला की ते मोठ्यानं म्हणतात, "हं, सोडा याला." वास्तविक कोणी धरलेलं नसतं.

माझं सेनगावात तहसीलजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. सातबाऱ्याच्या नकला, ऑनलाइन फॉर्म आणि पासपोर्ट फोटो. दोन मिनिटांत आठ फोटो, चेहरा गोरा करून हवा असेल तर तीन मिनिटं. म्हणजे मी या धंद्यातला जाणकार माणूस. आणि मी राहतो त्या खोलीला भिंत लागून घर आहे ते या गृहस्थांचं, जे एका खेळण्यानं फोटो काढतात.

खेळणं हा शब्द मी रागानं वापरलेला नाही. ते खेळणंच आहे. निळ्या प्लास्टिकची डबी, भिंगही प्लास्टिकचं. औंढ्याच्या यात्रेत एका पालावर पिपाण्या आणि पाण्याच्या बंदुका यांच्या मधे ते पडलेलं होतं. विकणाऱ्याची समजूत, यातूनही पाणी उडतं. मामांनी मागचं दार उघडून आत पाहिलं आणि म्हणाले, "याला तं पोट हाय!" रोल बसायची जागा होती ती. तेव्हापासून त्या कॅमेऱ्याची सगळी भाषा गुरांची झाली. मामा रोल घालत नाहीत, चारतात. फोटो कधी मिळणार असं विचारलं की म्हणतात, "उजेड खाल्ला त्यानं. आता रवंथ करून राहिला. घाई काहून करतो?"

त्या डबीच्या फटींतून उजेड आत शिरतो म्हणून तिला सगळीकडून जनावरांच्या जखमेवर लावायची चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. नव्या माणसाला वाटतं, कॅमेऱ्याचा अपघात झालाय.

रोल आता मिळत नाहीत. मामा हिंगोलीला, वसमतला जाऊन बंद पडलेल्या फोटो स्टुडिओंच्या मालकांना घरी गाठतात आणि जुन्या कपाटांतले रोल मागून आणतात. मी एकदा एका डबीवरची तारीख दाखवली. "मामा, याची मुदत कधीच संपली."

"मुदत माझीबी संपली. सरकारनं लिहून देलं तसं. मी चालून राहिलो का न्हाई?"

रोल धुतात ते स्वतःच्या मोरीत, दार-खिडकीला घोंगडी लावून. औषधाचं पाणी किती कोमट आहे ते बघायला दवाखान्यातला जुना थर्मामीटर आहे. तो थर्मामीटर आयुष्यभर कुठून कुठून फिरून आलाय हे मी इथे लिहीत नाही. मोरी मामांच्या ताब्यात असली की मामी आमच्या ओट्यावर येऊन बसतात. "त्या यात्रेत म्हशीची वगार घेतली असती," त्या म्हणतात, "तं एव्हाना दूध देऊन राहिली असती."

मग ते निगेटिव्ह माझ्याकडे येतं. मी ते मोबाइलच्या पांढऱ्या उजेडावर धरून फोटो घेतो, काळ्याचं पांढरं करतो आणि छापतो. छापताना हसतो. हसू आल्याशिवाय राहील कसं? एक अख्खा रोल मामांनी भिंगावरचं झाकण न काढता संपवला होता. या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं, त्यामुळे झाकण लावलेलं असलं तरी बघणाऱ्याला सगळं जग स्वच्छ दिसतं. बारा फोटो, बाराही काळे. मामा मात्र ते हातात धरून मला सांगत होते, "ही पुसेगावची शाळा. हा पिंपळ."

दुसरी गंमत रोल पुढे सरकवण्याची. बटण दाबलं की तो आपोआप सरकत नाही, हातानं चकती फिरवावी लागते. विसरलं तर त्याच जागेवर दुसरा फोटो बसतो. मामा विसरतात. बँकेच्या मॅनेजरांच्या कपाळावर शिंगं आली ती अशी. नगरपंचायतीच्या एका सदस्यांच्या पोटातून शेळी बाहेर बघत होती. ते भांडायलाच आले होते, तर मामा म्हणाले, "शेळी चांगली आली ना पन?" मॅनेजरसाहेबांनी मात्र त्यांचा फोटो फ्रेम करून घेतला.

आणि मामांच्या फोटोत आभाळ फार. खाली इवलासा माणूस आणि त्याच्या डोक्यावर हातभर रिकामं आभाळ. "मामा, फोटो माझा काढला का ढगाचा?" असं कोणी विचारलं की एरवी हसतमुख असणारे मामा एकदम गंभीर होतात. "डोकं हाय का न्हाई तुझं त्यात? पूर्न हाय का? मंग गप राह्य."

हे डोक्याचं प्रकरण मला मामींनी सांगितलं.

मामांचे थोरले भाऊ शेषराव गुरुजी पुसेगावला राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. शिस्तीचा माणूस. लग्नपत्रिका हातात आली तरी आधी तिच्यातल्या चुका लाल पेनानं दुरुस्त करतात आणि मग लग्नाला जातात. नऊ वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले तेव्हा गावानं सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ आणि मोठा फेटा. गुरुजींनी आयुष्यात पहिल्यांदाच फेटा बांधला होता. मामा आदल्या दिवशीच जाऊन सांगून आले होते, "दादा, फोटोवाला बोलावू नको. म्या हाव ना." धाकट्या भावावर गुरुजींचा जीव. त्यांनी फोटोवाला तर बोलावला नाहीच, वर कार्यक्रमात लोकांचं लक्ष लागावं म्हणून परीक्षेसारखे सगळ्यांचे मोबाइल दारातच काढून घेतले आणि खडूच्या पेटीत ठेवले.

मामांनी अगदी जवळ जाऊन बारा फोटो काढले. त्या कॅमेऱ्याची खिडकी वर आणि भिंग खाली, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं. जवळून काढलं की डोळ्याला फेटा दिसतो आणि भिंगाला दिसतं गळ्यापासून खालचं. बाराच्या बारा फोटोंत शाल होती, नारळ होता, जोडलेले हात होते. मान संपली तिथे फोटोही संपला होता.

गुरुजींनी एकेक फोटो शांतपणे पाहिला. मग पहिला उलटा करून त्याच्या पाठीवर लाल पेनानं लिहिलं, "शीर नाही. पुन्हा काढणे." आणि बाराही परत पाठवून दिले. त्या दिवसापासून भावाशी बोलणं बंद.

अगदीच बंद म्हणता येणार नाही. मामा "जयभीम, दादा" म्हणाले की गुरुजी "जयभीम" म्हणतात. अभिवादनाला उत्तर न देणं त्यांच्या शिस्तीत बसत नाही. पण पुढे एक अक्षर नाही. मामा पुसेगावला जाऊन बसले तर चहा येतो, गुरुजी पेपर वाचतात, चहा संपतो, मामा उठतात. कॅमेरा नुसता दिसला तरी गुरुजी छत्री उघडतात.

"लिव्हलं त्यानं 'पुन्हा काढणे'," मामी म्हणाल्या, "अन् काढू तं देत न्हाई. मंग कसं काढावं मानसानं?"

गुरुजी दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला सेनगावला येतात. म्हणजे आपण जिवंत आहोत असं बँकेला कळवायला. त्यासाठी लागणारा फोटो काढायला ते माझ्याकडे येतात. त्या दिवशी मामा रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली जीपच्या आड उभे राहतात, हे मी बघत आलो होतो. मला वाटायचं, लपूनछपून भावाचा फोटो काढतायत, काढू द्या.

पण दर नोव्हेंबरात धुतलेल्या रोलचा बारावा फोटो विचित्र यायचा. एका वर्षी गुरुजी मामांच्या मांडीवर बसलेले. एका वर्षी कपड्यांच्या दोरीवर. गेल्या वर्षी मामांच्या शेजारी जीपचं चाक. मी पोट धरून हसलो होतो. दोन फोटो एकावर एक, मामा पुन्हा चकती फिरवायला विसरले, असंच मी धरून चाललो होतो. ते विसरत नव्हते. दर वर्षी ऑक्टोबरात मामा आपल्या ओट्यावर दोन खुर्च्या मांडतात, एकीवर बसतात, दुसरी रिकामी ठेवतात आणि मामींना बटण दाबायला लावतात. मग रोल तसाच ठेवतात, गुरुजी येईपर्यंत. गावातले अकरा जण आपापल्या फोटोसाठी महिनाभर खोळंबतात ते त्या रिकाम्या खुर्चीपायी.

हे मामींकडून कळल्यावर मला माझ्या हसण्याची लाज वाटली. धंद्यातला जाणकार म्हणवणारा मी, मला इतकी साधी गोष्ट दिसली नाही.

या वर्षी मी मामांना म्हणालो, "मामा, गुरुजी कुठं बसले म्हणजे बराबर खुर्चीत येतील, ते सांगा. तिथंच बसवतो."

मामा लगेच उठले. मग घरात जाऊन दावं घेऊन आले. ओट्यावर कॅमेऱ्यापासून खुर्चीपर्यंत जितकं अंतर, तितक्यावर दाव्याला गाठ मारलेली होती. तेच दावं त्यांनी लिंबाच्या अलीकडून माझ्या दारापर्यंत ताणलं आणि गाठ आली तिथे खडूनं चौकोन आखला. "इथं स्टूल ठेव. अन् मागं अंधार पाह्यजे. उजेड असला तं दादा पुसून जाईन."

गुरुजी आले. मी स्टूल पुढे केलं, ते बसले, आणि मी हळूच मेन स्विच पाडला.

"गेली का लाइट?"

"गेली, गुरुजी."

त्यांनी समोरच्या हॉटेलाकडे पाहिलं. "तिथं तर चालू आहे."

"त्यांचा फेज वेगळा हाय."

हे त्यांना पटलं. आपल्याकडे हे कोणालाही पटतं. ते ताठ बसून पुढच्या पत्र्याला टांगलेल्या माझ्या विझलेल्या बल्बकडे बघू लागले. तेवढ्यात मधे एक जीप येऊन थांबली. दोन बाया, एक पोतं आणि कोंबडी असा ऐवज सावकाश उतरला. पलीकडे मामा एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. शेवटी जीप हलली. "आज काही लाइट येत नाही गुरुजी, पुढच्या आठवड्यात या," मी म्हणालो, तोवर मामांनी लिंबाखालून मला 'झालं' असा हात केला होता.

तो फोटो छापून निघाला तेव्हा मी मशीनजवळून हललो नाही. मामांच्या ओट्यावर दोन भाऊ बसले होते. गुरुजी थोडे विरळ आले होते, खुर्चीचे गज त्यांच्या पोटातून दिसत होते, पण बसले होते बरोबर खुर्चीत. बल्बकडे बघत असल्यामुळे मान ताठ, वर. डोकं पूर्ण. आणि डोक्यावर एक गोल, पांढरं काहीतरी. मामी हंडा घेताना डोक्यावर ठेवतात ती चुंबळ, मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली. मी मामांना विचारलं तर म्हणाले, "हटवाची राहून गेली." पण आवाज सरळ नव्हता.

पुढच्या आठवड्यात गुरुजी आले तेव्हा मी काही न बोलता फोटो त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी चष्मा पुसला. फोटो जवळ घेतला, लांब धरला. मग खिशातून लाल पेन काढलं, फोटो उलटा केला, आणि पेन तसंच हातात धरून बसून राहिले. काही लिहिलं नाही. पेनाला टोपण लावलं, उठले आणि रस्ता ओलांडून लिंबाकडे निघाले. छत्री माझ्याकडेच राहिली.

मामा तिथेच होते, कॅमेरा गळ्यात. "जयभीम, दादा."

"जयभीम." गुरुजी थांबले. "फेटा वाकडा आहे. पुन्हा काढ."

मामांनी हॉटेलाच्या बाकावर गुरुजींना बसवलं. सवयीनं हात वर गेला, जरासा अडखळला, आणि मग मोठ्या भावाच्या मानेवर त्यांनी हळूच दोन थापा मारल्या.

"हलू नको दादा. तकलीफ होत न्हाई."

मामा चार पावलं मागे सरले, कॅमेरा डोळ्याला लावला. भिंगावरचं काळं झाकण तसंच लावलेलं होतं. मला ते रस्त्याच्या या बाजूनं दिसलं, म्हणजे चार पावलांवर बसलेल्या गुरुजींना दिसलंच असणार. ज्यांना लग्नपत्रिकेतला साधा अनुस्वार सुटलेला खपत नाही, ते गुरुजी झाकणाकडे बघत होते आणि काही बोलत नव्हते. मान ताठ ठेवून, न हलता, मामा "हं, सोडा याला" म्हणेपर्यंत ते बसून राहिले.