लाल पेन्सिलीचे सातवे वळण

लायसन्स ऑफिसातल्या नकाशा विभागात एकूण एकच माणूस होता, आणि त्या विभागाचा अभिमान बाळगण्याचे कामही त्यालाच करावे लागे. ते तो मन लावून करी. बावीस वर्षे हा ड्राफ्ट्समन खिडकीजवळच्या त्याच उतरत्या टेबलापाशी बसत होता. ऑफिसमागच्या मैदानावर नवशिक्यांची गाडी चालवण्याची परीक्षा होई. तिथला प्रत्येक पट्टा आधी त्याच्या कागदावर उमटे आणि मग रंगाऱ्याच्या ब्रशाने जमिनीवर उतरे.

ऑफिसला त्याने एक नियमही दिला होता. पूर्वी एकदा रंगाऱ्याने एक बाण उलटा काढला आणि सकाळभर परीक्षेच्या गाड्या एकमेकींच्या समोर येऊन हॉर्न वाजवत राहिल्या. त्यानंतर ड्राफ्ट्समनने मोठ्या साहेबांच्या सहीचे परिपत्रकच काढवून घेतले. नकाशात निळ्या शाईने असेल तो नुसता विचार. लाल पेन्सिलीने असेल आणि खाली दोन सह्या असतील तो हुकूम. रंगाऱ्याने ते परिपत्रक रंगाच्या कपाटाला आतून चिकटवले होते. "लाल दिसलं, दोन सह्या दिसल्या, की आपण डोकं चालवायचं नाही," असे तो छाती फुगवून सांगे. आणि खरेच, तो चालवत नसे.

ड्राफ्ट्समनचा दुसरा अभिमान म्हणजे फॉर्म्युला रेसिंगमधली लाल टीम. त्याचा शेजारी, जो त्याच ऑफिसात परीक्षक होता, तो चंदेरी टीमचा. नऊ वर्षे दर रविवारी दोघे ड्राफ्ट्समनच्या घरी एकाच सोफ्याच्या दोन टोकांना बसून रेस बघत आणि सोमवारपासून शुक्रवारपर्यंत डब्याबरोबर तीच रेस चघळत. ड्राफ्ट्समनची बायको तेव्हा तिथेच बाजूच्या खुर्चीत कपड्यांच्या घड्या घालत असे. तिला यातले काही कळत नाही, असे दोघांनी पहिल्याच वर्षी ठरवून टाकले होते. त्यांचे एकमत झालेली ही एकुलती एक गोष्ट.

ती एका लॅबमध्ये होती. घरोघर जाऊन तपासणीसाठी रक्ताचे नमुने घ्यायची. लॅबने आता शहराचा एक अख्खा भाग तिच्या हवाली करायचे ठरवले होते, सोबत एक छोटी गाडी. अट एकच, सोमवारी संध्याकाळपर्यंत लायसन्स दाखवायचे. नाहीतर भाग आणि गाडी दुसऱ्या कोणाकडे जाणार होती. आणि ती दोनदा नापास झाली होती. ऑफिसातल्या माणसांच्या घरच्यांची परीक्षा मोठे साहेब स्वतः घेत, त्यामुळे तिथे ओळख दाखवायची सोय नव्हती. दुसऱ्या वेळी तर मैदानावरच्या रेषा इतक्या पुसट झाल्या होत्या की साहेबांनाच चष्मा बदलून बघावे लागले होते.

ड्राफ्ट्समनच्या ते जिव्हारी लागले. त्याने महिनाभर खटपट करून मैदान नव्याने रंगवण्याची मंजुरी आणली. "सोमवारी तुला अशा रेषा देतो," तो बायकोला म्हणाला, "की डोळे मिटून पास होशील."

"डोळे उघडे ठेवूनच होईन म्हणते," ती म्हणाली.

शुक्रवारी मैदानाचा नकाशा टेबलावर तयार होता. कडेची भिंत, फाटक, मोजमापे, सगळे ठसठशीत; फक्त मधले पट्टे लाल पेन्सिलीने पक्के करायचे बाकी होते. एवढ्यात परीक्षक डबा घेऊन आला.

"रेसच्या सर्किटला सरळ रस्ता लांबलचक पाहिजे," डबा उघडता उघडता तो म्हणाला. "गाडीत दम आहे की नाही ते तिथे कळतं."

"सरळ रस्त्यावर कोणीही पळतं. ड्रायव्हर कळतो तो वळणावर."

"हो, तुमचा लाल ड्रायव्हर गेल्या रविवारी वळणावरच कळला. वाळूत जाऊन बसला."

"टायर थंड होते!"

"नऊ वर्षं थंडच आहेत."

हे मात्र फार झाले. ड्राफ्ट्समनने पोळीचा हात पुसला आणि लाल पेन्सिल उचलली. "चांगलं सर्किट म्हणजे काय ते तुला आता दाखवतोच. फार जागा लागत नाही. आपल्या मैदानाएवढ्या जागेत बसवून दाखवतो."

आणि ज्या कागदावर मैदान होते त्याच कागदावर त्याने सर्किट बसवायला घेतले. परीक्षकाने हट्टाने एक सरळ रस्ता घालून घेतला. त्याच्या टोकाला ड्राफ्ट्समनने सूड म्हणून नागमोडी वाट दिली. वळणांच्या आतल्या कडेला लाल-पांढरे पट्टे आले. बघता बघता सहा वळणे झाली. सातवे काढताना ड्राफ्ट्समनची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली. ते वळण सुरुवातीला चांगले ऐसपैस होते आणि आत शिरल्यावर आवळत जात होते.

"ही काय फसवणूक आहे?" परीक्षक म्हणाला. "हे कोणालाही जमणार नाही."

"ज्याला गाडी येते त्याला जमेल."

"लिहून दे."

"ही घे सही."

"मग माझीही घे. जमणार नाही म्हणून."

दोघांनी तावातावाने सह्या ठोकल्या. तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली. परीक्षक डबा आवळत पळाला. ड्राफ्ट्समनने टेबल आवरले. लाल रेषा, खाली दोन सह्या. बावीस वर्षांच्या सवयीच्या हाताने तो कागद उचलला आणि बाहेर जाणाऱ्या ट्रेमध्ये ठेवला. डोके त्या वेळी अजून सातव्या वळणावरच होते.

रविवारी दुपारी रेसच्या शेवटच्या पाच फेऱ्या चालू असताना फोन वाजला. रंगारी होता.

"साहेब, कडेचे पट्टे लाल-पांढरे दाखवलेत. तसेच करायचे?"

"नकाशात आहेत ना?" टीव्हीवरची नजर न काढता ड्राफ्ट्समन म्हणाला.

"आहेत."

"सह्या आहेत?"

"दोन आहेत."

"मग मला कशाला विचारतोस? नकाशात आहे तस्संच कर!" फोन ठेवून तो परीक्षकाकडे वळला. "बघ. याला म्हणतात शिस्त. ही मी लावली."

सोमवारी सकाळी तो मैदानावर पोचला आणि जागच्या जागी थिजला. समोर त्याचे सर्किट पसरले होते. सरळ रस्ता, नागमोडी, लाल-पांढऱ्या कडा आणि कोपऱ्यात, उन्हात चमकणारे सातवे वळण. खरे सांगायचे तर क्षणभर त्याचा ऊर भरून आला. मग त्याला बायको आठवली.

"हे काय आहे?" मागून मोठ्या साहेबांचा आवाज आला.

"मैदान, साहेब!" रंगारी पुढे झाला. "दोन दिवस गुडघ्यांवर बसून केलंय. एक थेंब इकडचा तिकडे नाही." साहेबांचा चेहरा पाहून त्याने आधी नकाशा दाखवला, मग दोन सह्या, आणि मग त्यांना रंगाच्या कपाटापाशी नेऊन परिपत्रक दाखवले. साहेब बराच वेळ स्वतःच्या सहीकडे बघत राहिले. ड्राफ्ट्समन आणि परीक्षक यांनी खालच्या मानेने सगळे कबूल केले.

"बाहेर तेवीस माणसं कामधंदा सोडून उभी आहेत," साहेब म्हणाले. "परीक्षा रद्द केली तर वर कारण कळवावं लागेल. काय कळवू? माझ्या ऑफिसात सर्किट उगवलंय?" त्यांनी नियमांचे पुस्तक मागवले, चाळले आणि मिटले. "दोन रेषांच्या आत, न थांबता, एक फेरी. रेषांचा आकार कुठला, ते यात लिहिलेलं नाही. घ्या परीक्षा. तुमच्या दोघांचं नंतर बघतो."

परीक्षा सुरू झाली. पहिला उमेदवार नागमोडीत शिरला आणि आपण नेमके कुठे आलो ते विचारायला गाडी थांबवून खाली उतरला. त्यानंतरची बाई सहा वळणे छान पार करून सातव्यात गेली, ती रेषा ओलांडून थेट भिंतीपर्यंत. वीस वर्षे ट्रक चालवणारा एक जण मुदत संपलेल्या लायसन्ससाठी आला होता. सातव्याच्या अलीकडेच त्याने कपाळाला हात लावला. "साहेब, एवढं घाटातसुद्धा नसतं हो!" बारा जण झाले तेव्हा तिघे पास होते, तेही नशिबाने. प्रत्येक गाडी बाहेर गेली की परीक्षक ड्राफ्ट्समनकडे बघे. आपण जिंकतोय याचा आनंद चेहऱ्यावर येऊ द्यायचा की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हते.

ड्राफ्ट्समनने रांगेतल्या बायकोला गाठले. "अगं, आज नको देऊस परीक्षा. मैदान जरा बदललंय."

"दिसतंय," ती म्हणाली. "सातवं तुमचंच ना?"

"चुकून झालं गं. मी लॅबमध्ये येऊन सांगतो, पाया पडतो त्यांच्या..."

"कोणाच्या पाया पडायचं नाही. गाडी मला चालवायचीय, तुम्हाला नाही."

साहेब तिच्या शेजारी बसले. गाडी निघाली. सरळ रस्ता गेला. नागमोडीत तिने स्टिअरिंग असे हलवले जसे घडी घालताना चादरीचे टोक झटकतात. सहावे वळण संपले. ड्राफ्ट्समनने डोळे मिटले, परीक्षकाने त्याचा दंड धरला आणि, चंदेरी टीमची शपथ, तो पुटपुटला, "जमू दे रे, जमू दे."

आधी आलेल्या सगळ्यांना ऐसपैस जागा दिसली आणि ते लगेच आत वळले होते. ती वळली नाही. बाहेरच्या रेषेला धरून सरळ जात राहिली, आता भिंतीत जाणार असे वाटेपर्यंत. गाडी सरळ असतानाच तिने ब्रेक दाबला, सोडला, आणि मग एकदाच वळली. आतले चाक लाल-पांढऱ्या पट्ट्याला चाटून गेले आणि गाडी पलीकडे अलगद बाहेर आली. रांगेतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. रंगाऱ्याने तर शिट्टीच मारली.

गाडी थांबली. साहेब उतरले नाहीत. खिडकीतून त्यांचा आवाज ऐकू आला, "पुन्हा एकदा घ्या."

"काही चुकलं का?"

"नाही, नाही. तुम्ही पास आहात. मला फक्त ते सातवं परत बघायचंय."

दुसऱ्या फेरीनंतर साहेब उतरले तेव्हा त्यांचे केस विस्कटले होते आणि राग कुठेतरी वाटेत गळून पडला होता. "आज नापास झाले त्या सगळ्यांना या आठवड्यात जुन्या, इंग्रजी आठच्या आकड्याच्या रेषांवर पुन्हा बोलवा," ते म्हणाले. "पण कोपऱ्यातलं वळण राहू द्या. बावीस वर्षांत या ऑफिसात बघण्यासारखं पहिल्यांदा काहीतरी झालंय."

ड्राफ्ट्समनचे डोळे भरून आले. त्याने ते लपवले नाहीत. "बघितलंस?" तो परीक्षकाला म्हणाला. "ज्याला गाडी येते त्याला जमतं. अस्सल लाल पद्धत! वळणात शिरताना धीर धरला."

"धीर कसला? ब्रेक बघ, सरळ रेषेत. हे चंदेरींचं. वहिनी, तुम्हीच सांगा याला. आमची ना?"

"भाऊजी, मी हिरव्यांची," ती म्हणाली.

हिरवी टीम नऊ वर्षे शेवटून पहिली येत होती. तिची गाडी टीव्हीवर दिसे ती फक्त दुसरे कोणी तिला मागे टाकत असताना.

"हिरवी?" ड्राफ्ट्समनने विचारले. "कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. तुम्ही पुढच्या गाड्यांवर भांडत असता, मी मागे बघत असते. हरतात, तरी पुढच्या रविवारी गाडी पुसून परत हजर. मला आवडतं ते. मी तिसऱ्यांदा आले ना परीक्षेला, ते त्यांच्याकडे बघूनच."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

नऊ वर्षांत आपल्या घरात एक तिसरी टीम राहत होती आणि आपल्याला पत्ता नव्हता, हे ड्राफ्ट्समनच्या हळूहळू ध्यानात आले. लाल टीमच्या कुठल्याही विजयाने झाला नव्हता एवढा अभिमान त्याला आता वाटत होता, आणि त्यात थोडी शरमही मिसळली होती.

"आणि तुमचं सातवं चुकलंय," ती नकाशाकडे वाकत म्हणाली. "बाहेर पडताना दोन फूट जागा कमी आहे. द्या ती पेन्सिल."

त्याने खिशातली लाल पेन्सिल काढून तिच्या हातात दिली. बावीस वर्षांत ती दुसऱ्या कोणाच्या हातात गेली नव्हती. तिने बाहेरची रेषा किंचित पुढे सरकवली. रंगाऱ्याने तिच्या खांद्यावरून कागदात डोकावून पाहिले.

"लाल आहे," तो म्हणाला. "पण या नव्या रेषेला सह्या?"

ड्राफ्ट्समनने सही केली. पेन्सिल त्याने परीक्षकापुढे धरली, आणि परीक्षकाने या वेळी न भांडता त्या सहीखाली आपली सही केली. रंगाऱ्याने कागद नीट घडी करून खिशात घातला आणि डोके न चालवता पांढऱ्या रंगाचा डबा उघडला.