कलेक्टर सायब, आ करा!

आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत सकाळी साडेसहाला एक आरोळी ठरलेली, "कलेक्टर सायब, आ करा!" नवा भाडेकरू दचकून दार उघडतो. समोरच्या ओट्यावर मथुरामावशी फतकल मारून बसलेल्या, मांडीत एक पिवळं गावठी कुत्रं, आणि मावशी त्याचे दात घासतायत. हेच आमचे कलेक्टर सायब.

"मावशी, असं कसं हो नाव ठेवलं?" मी एकदा विचारलं.

"अगं, घरात माझं ऐकतंय कोण? पुण्याचा लेक फोन उचलत नाय. मंग म्हणलं, ऐकणारा ठेवायचाच तर मोठा माणूस ठेवावा."

दात घासणं म्हणजे उगाच बोट फिरवणं नव्हे बरं का. बोटात घालायचा रबरी ब्रश, जनावरांची वेगळी पेस्ट, वरचे दात, खालचे दात, मग मागच्या दाढा. पेस्टला कोंबडीची चव, म्हणून सोमवारी पेस्ट बंद, नुसता ब्रश. "सायबाला चालतंय, मला उपास हाय ना," हे वर. एक बोकाही येतो, तहसीलदार. त्याच्या दातांपायी मावशींचे दोन्ही हात ओरबाडलेले. "त्याच्या म्होरं बोंबील ठेवल्याबिगर तोंड उघडत नाय मेला," म्हणतात, पण सोडत नाहीत.

गल्ली हसते. हसू द्या. मावशी हसणाऱ्यालाच विचारतात, "तुमच्या कुत्र्याच्या दाढा बघितल्या का कधी? नाय? मंग हसताय कशाला?" माणूस घरची वाट धरतो.

ह्या वेडाची सुरुवात मात्र एका घोळातून झाली. चाळीस वर्षं मावशी मिसरी लावायच्या, भाजलेल्या तंबाखूची काळीभोर. तीन वर्षांमागं कलेक्टरच्या दातांवर पिवळा थर दिसला, तर ह्या बाईनं स्वतःच्या डबीतली मिसरी त्याच्या हिरड्यांना चोळली! चांगली वस्तू, घरातली, आपल्याला चालते तर त्याला का नाही? घटकाभरात कुत्रं ओकायला लागलं, पाय लटपटायला लागले. जालना रोडच्या डॉक्टरबाईंनी कसंबसं वाचवलं आणि मावशींना चांगलं झापलं, "आजी, त्याला हे विष आहे!"

"मंग मला काय अमृत हाय व्हय?" मावशी म्हणाल्या, तिथूनच ब्रश-पेस्ट घेतली आणि घरी येताना डबी नाल्यात फेकली. लेक-सून सांगून थकले होते, तेव्हा ह्या हलल्या नव्हत्या.

यंदाच्या थंडीत कलेक्टरचा गाल सुजला. तोंडाला असा वास, की ओट्याजवळून जाताना मी पदर नाकाला लावायची. डॉक्टरबाई म्हणाल्या, मागच्या दाढा मुळातून सडल्यात, हिरडीखाली ब्रश पोचतच नाही. भूल देऊन काढाव्या लागतील. रक्त तपासलंय, ठीक आहे, पण वय अकरा, भुलीतून उठेलच असं लिहून देता येणार नाही.

झालं! गल्लीला विषय मिळाला. "इथं माणसाला दवाखाना मिळंना, अन् हिच्या कुत्र्याला दाताचं ऑपरेशन!" लेकाचा फोन आला, त्या दिवशी बरोबर आला, "आई, लोक काय म्हणतील?" आणि मी तोंडाची फटकळ, मीही बोलले, "मावशी, म्हातारं झालंय ते. गेटाबाहेर बांधा, घरात वास तरी येणार नाही."

मावशींनी माझ्याकडं असं बघितलं की मला जीभ चावावीशी वाटली. "बाहेर मी नाय बांधायची. जगू दे, मरू दे, उपचार व्हणार. तुला यायचं तर ये, नायतर ऱ्हा घरी."

गेले मुकाट्यानं.

दवाखान्यात मावशींनी मला कागद वाचायला लावला, जिवाच्या धोक्याची ओळ दोनदा, आणि सही ठोकली. कलेक्टरला आत नेलं. मावशी बाकावर बसल्या. अर्ध्या तासानं भिंतीकडं बघतच बोलल्या.

"ह्यांच्या तोंडाला असाच वास यायचा. तंबाखू खायचे ना. मीच म्हणलं, किळस येती, खाट बाहेर टाका. सा महिने पडवीत झोपले, एका शब्दानं बोलले नाय. गालातनं गाठ दिसली तवा नेलं. उशीर झाला व्हता." पदरानं नाक पुसलं. "वास येतो म्हंजी आत दुखतंय. येवढं साधं मला कळलं नाय गं."

मी त्यांचा हात धरला. बोक्यानं ओरबाडून खरखरीत झालेला हात थंडगार पडला होता.

बऱ्याच वेळानं डॉक्टरबाई बाहेर आल्या. पाच दाढा काढल्या होत्या. बाकीचे दात घासून पांढरे केले होते. "उठतोय," म्हणाल्या. मावशी आत धावल्या आणि कलेक्टरच्या रक्ताळलेल्या, लाळ गळणाऱ्या तोंडाला गाल लावून रडल्या, हुंदके देऊन, कंपाउंडरसमोर, लाज न धरता.

रिक्षा मीच थांबवली. कुत्रं अजून गुंगीत होतं. रिक्षावाल्यानं नाक मुरडलं, "ओ ताई, लई वास मारतंय. पायाशी ठेवा खाली, सीट खराब व्हईल."

"पायाशी तुझी पिशवी ठेव," मी म्हणाले. "त्याला दुखतंय. तो मांडीवरच बसणार, अन् तू हळू चालवणार." कलेक्टरचं धड मावशींच्या मांडीवर होतं. मी त्याचं डोकं माझ्या नव्या साडीवर घेतलं आणि म्हणाले, "चल आता."